दूरच्या दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ : आपले अनुभव लिहा

इंटरनेटवरच्या अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळांना दोन विमानतळांची नावे दिली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात समोर येतो. ते अंतर पृथ्वीच्या गोलाईवरचे सर्वांत जवळचे असते आणि वेळ बहुधा ताशी ८०० ते ९०० किमी वेग धरून काढलेला असतो. वारा, धावपट्टी, विमानाचा प्रकार आणि मुळात त्या मार्गावर विमान जाते की नाही, यांपैकी काहीही त्यात धरलेले नसते. ज्यांनी असा प्रवास केला आहे, त्यांनी दोन्ही आकडे लिहावेत, अशी मनापासून विनंती.

•

चिलीची राजधानी सांतियागो ते प्रशांत महासागरातले ईस्टर बेट हे अंतर सुमारे ३,७५० किमी आहे. जाताना साडेपाच तासांच्या आसपास लागले, येताना मात्र जवळजवळ तासभर कमी, कारण त्या पट्ट्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. बेटाच्या आसपास उतरण्याजोगा दुसरा विमानतळ नसल्यामुळे विमानाला जास्तीचे इंधन घेऊन जावे लागते.

•

काठमांडू ते नेपाळच्याच डोंगराळ भागातले लुक्ला हे अंतर जेमतेम १४० किमी आणि उड्डाण अर्ध्या तासाचे. तरीही आमची अख्खी सकाळ विमानतळावर गेली आणि दुपारी उड्डाण रद्द झाल्याचे सांगण्यात आले. आमचे सामान वजनकाट्यावर चढून पुन्हा खाली उतरले होते. त्या वेळी चिडचिड झाली, पण दुसऱ्या दिवशी ती धावपट्टी पाहिल्यावर रद्द करण्याचा निर्णय किती योग्य होता ते पटले. समुद्रसपाटीपासून २,८४५ मीटर उंचीवरची, अवघी ५२७ मीटर लांबीची ही पट्टी चढणीची आहे. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. अगदी जवळ आल्यावर पुन्हा वर उठून फेरी मारण्याची सोय नाही, म्हणून वैमानिकाला पट्टी स्वच्छ दिसलीच पाहिजे, आणि दुपारकडे ढग व वारा दोन्ही वाढतात. परतीचे पुढचे तिकीट काढताना मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, हे मी आग्रहाने सांगेन.

•

याच्या अगदी उलट टोक म्हणजे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतील वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटे. चाके जमिनीवरून उचलली जातात तोच समोरची धावपट्टी दिसू लागते.

•

प्रशांत महासागरातील माजुरोहून होनोलुलूला पाच तासांच्या आसपास लागतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, त्यामुळे संध्याकाळी निघालेला प्रवासी त्याच तारखेच्या पहाटे उतरतो. आरक्षणाच्या तारखा नीट तपासून घ्याव्यात.

•

ईस्टर बेट ते दक्षिण अटलांटिक महासागरातले सेंट हेलेना बेट हे अंतर गणिताने साधारण साडेदहा हजार किमी, म्हणजे बारा-तेरा तासांचे भरते. प्रत्यक्षात सरळ विमानच नाही. आधी सांतियागो, मग ब्राझील, तिथून अटलांटिक ओलांडून जोहान्सबर्ग आणि मग पुन्हा उलट, पश्चिमेकडे समुद्रात. म्हणजे ज्या बेटावर जायचे त्याला मागे टाकून पुढे जायचे आणि परत यायचे. सेंट हेलेनाची नियमित विमानसेवा २०१७ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी केपटाउनहून बोटीने पाचेक दिवस लागत. आजही विमाने मोजकीच असतात आणि धावपट्टीवरच्या लहरी वाऱ्यामुळे ती कधी पुढे ढकलली जातात. म्हणून आधी जोहान्सबर्गच्या विमानाचा वार पाहावा आणि बाकीची तिकिटे त्यावरून मागे मोजत काढावीत.