तुकडे मोजण्याआधी कडा बघा
चुंबकी टाइल, म्हणजे कडांत चुंबक बसवलेले, एकमेकांना चिकटणारे प्लास्टिकचे खेळण्याचे तुकडे, घेताना 'कमी तुकड्यांत मुलं कंटाळतात, एकदम १०० चा संच घ्या' असं सांगितलं जातं, ते पटतं. २०-३० चौकोनांत एक घर उभं राहिलं की सामान संपतं. पण त्याआधी कडा तपासा. चांगल्या टाइलचे दोन भाग नुसते गोंदाने चिकटवलेले नसतात. अल्ट्रासोनिक वेल्डिंगने (अतिवेगवान कंपनांनी प्लास्टिक वितळवून) जोडून वर धातूचे रिव्हेटही (खिळ्यांसारखे छोटे टाचे) मारलेले असतात. आमच्या पहिल्या संचात रिव्हेट नव्हते. लेकीच्या हातून टाइल फरशीवर पडली, कड उकलली आणि दोन चुंबक बाहेर आले. एक लगेच सापडला, दुसरा सोफ्याखाली मिळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटते आणि तिला भोक पडू शकतं. म्हणून गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघत बसायचं नाही.

आता मी अधूनमधून प्रत्येक टाइल उजेडात धरून बघते. तडा दिसला की टाकून देते, चिकटवून परत खेळायला देत नाही. घरात रांगणारं भावंड असेल तर हे कराच. आणि पुढे दुसऱ्या कंपनीचा संच जोडायचा असेल तर चौकोनाची बाजू मोजून घ्या. बऱ्याच संचांत ती साधारण ७.५ सेंमी असते, पण सगळ्यांत नाही.