हलशी-देगावच्या ट्रिपसाठी कॅमेऱ्याला काय घेऊ? बजेट 6 हजार

अनगोळकरीण: दादाने त्याचा जुना निकॉन डी3500 मला दिलाय, सोबत 18-55 मिमी लेन्स. परवा बेळगावच्या किल्ल्यात गेलो, तर फोटोत सगळ्या भिंती मागे कलंडलेल्या आणि आकाश पांढरंफटक. किल्ल्यातल्या कमल बस्तीत (जुनं जैन मंदिर) फ्लॅश मारला, तर पुढचा खांब तेवढा चकाकला, मागे नुसता काळोख. पुढच्या महिन्यात घरचे सगळे हलशी-देगावची जुनी देवळं बघायला जाणार आहोत. वाईड लेन्स घेऊ, ट्रायपॉड घेऊ की फिल्टर? 6 हजारांच्या वर एक रुपया नाही.

टिळकवाडी_क्लिक्स: सरळ फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्या. मी घेतला आणि आधीचे सगळे फोटो डिलीट केले, इतका फरक. लेन्ससकट दीड लाख गेले, पण एकदाच काय ते.

अनगोळकरीण: काका, 6 हजार लिहिलंय.

टिळकवाडी_क्लिक्स: हप्ते असतात की.

खडेबाजार_77: ट्रायपॉडच्या भानगडीत पडू नका. नवाकोरा घेऊन कमल बस्तीत गेलो, अजून पाय उघडले नव्हते तोवर रखवालदार आलाच. पुरातत्त्व खात्याच्या जागेत ट्रायपॉडला आधी परवानगी काढावी लागते. आता त्याच्यावर आमची आई टॉवेल वाळत घालते.

शहापूरचा_सर्किट: वाईड घ्या, डोळे झाकून. 18 ला देऊळ मावत नाही.

लग्नवाला_भाऊ: वाईड घेऊन भिंती सरळ होत नाहीत गे. कळस मावावा म्हणून तू कॅमेरा वर उचलतीस, म्हणून भिंती मागं पडतात. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, ग्रिडच्या रेघा लाव, कॅमेरा सरळ धर आणि मागं सरक. खाली जमीन जास्त येते, येऊ दे. घरी जाऊन कापायची.
आकाशासाठी एक्स्पोजर उणे 0.7 कर आणि रॉमध्ये (कच्च्या फाईलमध्ये) काढ, अंधार नंतर उचलता येतो. आत फ्लॅश बंद, आयएसओ 1600 नाहीतर 3200, आणि खांबाला खांदा टेकून श्वास सोडत बटण दाब. बावीस वर्षं लग्नं काढूलालोय, मंडपात कुठला आलाय ट्रायपॉड!
आणि कमल बस्तीच्या छतातलं कोरीव कमळ काढायचं तर कॅमेरा जमिनीवर रुमालावर उताणा ठेव, लेन्स 18 वर, दोन सेकंदांचा टायमर लाव आणि बाजूला हो. स्क्रीन खाली जाते, काही दिसत नाही. चार-पाच काढ, एक तरी मधोमध येतोय.

शहापूरचा_सर्किट: तेच म्हणतोय मी, 18 पुरत नाही.

खडेबाजार_77: ट्रायपॉड नको हे मी आधीच सांगितलं होतं.

खानापूरची_माहेरवाशीण: हलशीला दुपारी जाऊ नका. ऊन डोक्यावर आलं की कोरीव काम सपाट दिसतं. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र नक्षी उठून येते. भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मध्ये उभं राहून एकदा इकडे, एकदा तिकडे काढा. देगावच्या कमल नारायणात तीन गाभारे एका ओळीत, तिथे बाहेरच्या खांबांपाशी वेळ द्या. आणि नंदगडवरूनच जाणार असाल तर इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या समाधीला थांबा.

इतिहासवेडा: हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. काही लोक हलसी लिहितात.

शहापूरचा_सर्किट: कन्नडमध्ये हलसीच आहे ओ.

इतिहासवेडा: हा धागा मराठीत आहे.

टिळकवाडी_क्लिक्स: हलशीपेक्षा खिद्रापूरला जा. 48 खांबांचा स्वर्गमंडप, वर गोल उघडं छत. फुल फ्रेमवर काय येतं म्हणून सांगू!

खानापूरची_माहेरवाशीण: त्या हलशीला निघाल्यात, तुम्ही त्यांना कृष्णेकाठी कुठे पाठवताय?

मच्छे_मोटर्स: सेकंडहँड लेन्स तेवढी घेऊ नका. मी एका दुकानातून घेतली. दोन पावसाळे गेले आणि काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. परत घ्या म्हटलं तर दुकानदार म्हणतो, तुमच्याच घरात ओल आहे. घरात ओल आहे, ते खरंच आहे, पण तो कोण सांगणारा?

अनगोळकरीण: काल कमल बस्तीत जाऊन आले. रुमालावर कॅमेरा उताणा ठेवला, सहावा फोटो बरोबर मधोमध आला. 1204 सालचं कमळ, घरी मोठं करून बाबांनी 72 पाकळ्या मोजल्या. एक लहान मुलगा लेन्सवर वाकून बघत होता, पाचव्या फोटोत त्याच्याच नाकपुड्या आल्यात. लग्नवाले भाऊ, तुम्हाला कुंदा लागू!

लग्नवाला_भाऊ: अर्धा किलो. आता काही घेऊ नको बघ, पैसे ठेव.

अनगोळकरीण: घेतली ओ. दादाच्या मित्राची जुनी वाईड, साडेनऊ हजारांना.

मच्छे_मोटर्स: मी मग काय लिहिलं होतं?

अनगोळकरीण: वाचलं होतं. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात ठेवणार.

लग्नवाला_भाऊ: कोंडा जाईल गे आत. हवाबंद डबा घे आणि सिलिका जेलच्या पुड्या टाक.

टिळकवाडी_क्लिक्स: 6 च्या वर एक रुपया नव्हता ना?