लघुप्रबंधात एआयची मदत घेतली असल्यास ती कशी नमूद करावी?

प्रश्न : ऐरोलीची विद्यार्थिनी

मी समाजशास्त्रात एम. ए. करत असून माझा लघुप्रबंध बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातील मासळी विकणाऱ्या स्त्रियांवर आहे. शाळा मराठी माध्यमाची असल्यामुळे इंग्रजीत लिहिताना मी अडखळते, म्हणून दुसरे प्रकरण स्वतः लिहून झाल्यावर एकेक परिच्छेद चॅटजीपीटीला देऊन भाषा सुधारून घेतली. मुद्दे, निरीक्षणे आणि मुलाखती सर्वस्वी माझ्या आहेत. तरीही महाविद्यालयाच्या तपासणीत त्या प्रकरणावर ‘४२ टक्के एआय’ असा शेरा येऊन ते परत आले. आणखी एक गोष्ट लपवत नाही : संदर्भसूचीतील चार नोंदी मला याच साधनाने सुचवल्या होत्या आणि त्यांतले दोन लेख मला अजून कुठेही सापडलेले नाहीत. मदत घेतल्याचे लिहून दिले तर सगळे कामच नाकारले जाईल, अशी भीती वाटते. मी काय करावे?

उत्तर : ठाण्यातील एक प्राध्यापक

प्रथम दोन आकडे वेगळे करा, कारण आमच्या स्टाफरूममध्येही त्यांची गल्लत होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि ४० ते ६० टक्के साम्य असल्यास सुधारित प्रबंध सादर करायला एक वर्ष मज्जाव होऊ शकतो. पण ते साम्य म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी जुळणारा भाग होय. तुमच्या शेऱ्यातील ४२ हा तसला आकडा नाही. मजकूर यंत्राने लिहिला असावा, असा तो एका सॉफ्टवेअरचा अंदाज आहे, आणि त्यावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने असे ओळखणारे स्वतःचे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ‘टोफेल’ परीक्षेतील निबंध अशा सात साधनांना दिले, तेव्हा माणसांनी लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने यंत्राचे ठरवले गेले. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना यांमुळे असे होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर त्यामुळे अन्याय होतो, आणि हे मी आमच्या बैठकीतही सांगत आलो आहे.

तुमच्या बाबतीत मात्र मदत खरोखरच घेतलेली आहे, त्यामुळे सॉफ्टवेअर चुकते एवढे म्हणून भागणार नाही. सुधारणेपूर्वीचा तुमचा मसुदा, क्षेत्रकार्याची वही आणि साधनाला दिलेल्या सूचना मार्गदर्शकांपुढे ठेवा. पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात कोणते साधन, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकरणासाठी आणि नेमके कशासाठी वापरले हे चार ओळींत लिहा. ‘भाषेसाठी मदत घेतली’ असे मोघम लिहू नका. भाषा सुधारताना साधन आशयही बदलते. आमच्या एका विद्यार्थिनीचे ‘काही स्त्रियांनी सांगितले’ हे वाक्य सुधारून ‘बहुसंख्य स्त्रियांचे मत आहे’ झाले होते आणि ते तोंडी परीक्षेत उघड झाले. तेव्हा दोन्ही मसुदे शेजारी ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहा.

न सापडलेले दोन संदर्भ आजच काढून टाका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. भाषेच्या मदतीचा खुलासा करता येतो, पण न वाचलेल्या लेखाचा हवाला दिल्याचा खुलासा कसा करणार?

उत्तर : नौपाड्यातील निवृत्त ग्रंथपाल

उरलेले दोन लेखही नुसत्या शीर्षकावर सोडू नका; नियतकालिकाचा खंड आणि पृष्ठे उघडून पाहा, कारण लेखकाचे नाव खरे आणि लेख मात्र काल्पनिक, असेही घडते. प्रबंधांसाठी शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचे ऑनलाइन भांडार आहे. ठाणे जिल्ह्यातील कोळ्यांविषयी जुनी माहिती हवी असल्यास १८८२चे ठाणे गॅझेटियर स्वतः चाळावे.

उत्तर : नेरुळचा पीएच. डी. संशोधक

ताई, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे तर त्या साधनात घातली नाहीत ना? मी एकदा आगरी बोलीतील मुलाखत ऐकून लिहून काढण्यासाठी त्याला दिली होती. आजी खाडीच्या चिखलात मिळणाऱ्या निवट्या या माशांविषयी बोलत होत्या आणि कागदावर सगळीकडे ‘निवड’ उमटले. सगळी बोली पुस्तकी मराठीत बदलली गेली, म्हणजे माझ्या अभ्यासाचा विषयच पुसला गेला. शिवाय आजींनी संमती मला दिली होती, कोणत्या कंपनीच्या सर्व्हरला नव्हे. त्यानंतर मी सगळ्या मुलाखती कानाने ऐकून हाताने उतरवल्या. एका तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास लागले.

ऐरोलीची विद्यार्थिनी

सर, दोन्ही संदर्भ काढले आणि जुना मसुदा मार्गदर्शकांना दाखवला. ताडून पाहताना तीन ठिकाणी अर्थ बदललेला आढळला. एका ठिकाणी ‘उधारी’चे ‘कर्ज’ झाले होते, आणि दिवाळ्याच्या बाजारात त्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. दादा, ध्वनिमुद्रणे दिली नव्हती, पण दोन मुलाखतींतील उतारे नावांसकट भाषांतरासाठी दिले होते. त्या संभाषणांच्या नोंदी मी काढून टाकल्या आहेत. येत्या रविवारी त्या दोन मावशींना भेटून हे सांगणार आहे, आणि त्यांनी नको म्हटले तर ते उतारे वगळीन.