सुपरमॅनचा अंक ९१ लाख डॉलरला गेला, म्हणून जुन्या कॉमिक्सचा बाजार तेजीत आहे का?

हिशेबी_वाचक

नोव्हेंबर २०२५ मध्ये डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये १९३९ चा 'सुपरमॅन' क्रमांक १ हा अंक ९१ लाख २० हजार डॉलरला विकला गेला. कॅलिफोर्नियात आई गेल्यावर तिचं घर आवरताना भावांना माळ्यावर ही प्रत सापडली. कॉमिक्सचा दर्जा तपासणाऱ्या सीजीसी कंपनीने तिला १० पैकी ९.० दर्जा दिला. बातमी फिरली आणि लगेच ओळखीतले लोक विचारू लागले की मार्व्हल-डीसीचे जुने अंक घेऊन ठेवले तर कसं?

माझं मत स्पष्ट आहे. आवड म्हणून जरूर घ्या, गुंतवणूक म्हणून घेऊ नका. विक्रमी भाव हा बाजाराचा कल दाखवत नाही. मोजक्या वीस-पंचवीस अंकांच्या उत्तम प्रती वर जातात, आणि त्याच वेळी मधला सगळा बाजार खाली असू शकतो. २०२२ पासून हेच चाललंय. कोविडच्या काळात घरात अडकलेल्या लोकांकडे पैसा होता, वेळ होता, चित्रपटांच्या अफवा होत्या. 'इटर्नल्स' क्रमांक १ (१९७६) किंवा शांग-ची पहिल्यांदा दिसला तो 'स्पेशल मार्व्हल एडिशन' क्रमांक १५ (१९७३), असे अंक चित्रपटाच्या नुसत्या घोषणेवर चढले आणि चित्रपट येऊन गेल्यावर उतरले. २०२१ च्या शिखरावर घेतलेल्यांपैकी अनेक जण आजही तोट्यात आहेत.

त्यात बातमीतला आकडा विकणाऱ्याच्या हातात पडत नाही. ९१ लाख २० हजारांत हातोडा ७६ लाखांवर पडला; वरचे २० टक्के लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन. 'अमुक अंक इतक्याला गेला' असं वाचलं की आधी १.२ ने भागा.

एडिसनकर

भागाकार बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

'ॲक्शन कॉमिक्स' क्रमांक १, जून १९३८, किंमत १० सेंट. सुमारे दोन लाख प्रती छापल्या, आज माहीत असलेल्या शंभरच्या आसपास. बाकीच्या कुठे गेल्या? पोरांनी फाडल्या, आयांनी टाकल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत लगद्यात गेल्या. हा पुरवठा कुणीही वाढवू शकत नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ८.० दर्जाची प्रत दहा लाखांना गेली, तेव्हाही 'फुगा आहे' म्हणणारे होतेच. २०१४ मध्ये ९.० ची प्रत ३२ लाखांना. २०२१ मध्ये ८.५ ची ३२.५ लाखांना. एप्रिल २०२४ मध्ये ८.५ दर्जाची प्रत ६० लाखांना! म्हणजे खालच्या दर्जाची प्रत वरच्या दर्जाच्या जुन्या भावाच्या दुपटीजवळ गेली, आणि तेही तुम्ही म्हणता त्या मंदीच्या काळात.

हिशेबी_वाचक

मंदी 'ॲक्शन' एकमध्ये आहे असं मी म्हटलंच नाही. शंभर प्रतींचा तो व्यवहार चित्रांच्या किंवा हिऱ्यांच्या बाजारासारखा अतिश्रीमंतांचा आहे. धागा वाचणाऱ्यांपैकी कुणी तो अंक घेणार नाही. घेतील ते 'हल्क' १८१. वुल्व्हरिन पूर्ण रूपात पहिल्यांदा दिसला तो १९७४ चा अंक. उत्तम अंक, मलाही प्रिय. पण दुर्मीळ? सीजीसीच्या नोंदीतच त्याच्या दहा हजारांहून जास्त प्रती आहेत.

आणि परताव्याचं बोलू. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला तो 'अमेझिंग फँटसी' क्रमांक १५ (१९६२), दर्जा ९.६. मार्च २०११ मध्ये एक प्रत ११ लाखांना, सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच दर्जाची प्रत ३६ लाखांना. साडेदहा वर्षांत सव्वातीन पट. कमिशन वजा केलं तर विकणाऱ्याला जास्तीत जास्त पावणेतीन पट. त्याच काळात अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक साधारण तेराशेवरून साडेचार हजारांच्या घरात गेला, म्हणजे जवळपास साडेतीन पट, लाभांश वेगळा. जगातल्या सर्वोत्तम प्रतींपैकी एक, शिखराच्या महिन्यात विकली, तरी साध्या इंडेक्स फंडाच्या मागेच.

वेताळभक्त

परतावा, परतावा! वाचतं कोण रे हे अंक?

आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचला. पानं निघेपर्यंत वाचला, मित्राला दिला, परत आला नाही. इथे सीजीसीवाले अंक प्लास्टिकच्या कडक डबीत सीलबंद करतात आणि वर आकडा चिकटवतात. डबी फोडली तर दर्जा गेला. जो अंक उघडताच येत नाही त्याला अंक का म्हणायचं? गोष्टीला शून्य किंमत आणि मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावरच्या सुरकुतीला लाखाची, हे मला मनापासून खुपतं.

एडिसनकर

वेताळभक्त, डबी नव्हती तेव्हाचा बाजार आठवा किंवा जुन्या संग्राहकांना विचारा. २००० साली सीजीसी सुरू होण्याआधी विकणारा म्हणेल तोच दर्जा. कडा छाटलेल्या, रंग भरलेल्या, दुसऱ्या प्रतीची पानं घातलेल्या प्रती 'अगदी कोऱ्या' म्हणून खपत. 'हल्क' १८१ मध्ये एक छोटं कूपन असतं, मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प; पोरं ते कापून घेत. कूपन नसलेली प्रत पत्राने मागवली आणि फसलो, असं कित्येकांचं झालंय. आज त्रयस्थ माणूस पानं मोजतो, दुरुस्ती केलेल्या प्रतीला जांभळं लेबल लावतो. म्हणून तर पुण्यात बसलेला माणूस डॅलसच्या लिलावात न बघता बोली लावू शकतो. वाचायला पुनर्मुद्रण आहेच, स्वस्त आणि स्वच्छ.

सांताक्रूझ_पूर्व

डबीवर इतका विश्वास ठेवू नका. २०२३ च्या अखेरीस डब्यांत फेरफार करून हलक्या प्रती वरच्या दर्जाच्या लेबलाखाली विकल्याचं उघड झालं, आणि सीजीसीला संशयित प्रमाणपत्र क्रमांकांची यादी जाहीर करावी लागली. महाग प्रत घेताना जुन्या लिलावातले फोटो शोधा, कोपरे आणि मुखपृष्ठावरच्या खुणा जुळवून पाहा.

आणि मुंबईत ठेवणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधी. तो कागद न्यूजप्रिंट आहे, लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. डबी हवाबंद नसते, दमट हवा आत जाते. लेबलावर 'पांढरी पानं' लिहिलंय ते तपासणीच्या दिवशीचं.

रंगपेटी

या सगळ्या आकड्यांत दोन नावं अजून आलीच नाहीत. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर. त्यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला दिले. तेरा पानं, पानाला दहा डॉलर. पुढे कोर्टकचेऱ्या केल्या, हरले. शुस्टरची नजर अधू झाली, दोघे हलाखीत राहिले. १९७५ मध्ये लोकांनी आवाज उठवल्यावर डीसीची मालक कंपनी वॉर्नरने दोघांना वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन सुरू केलं. ज्या चेकमध्ये ते १३० डॉलर होते (एकूण रक्कम ४१२), तो चेक २०१२ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेला. शुस्टर तेव्हा जाऊन वीस वर्षं झाली होती, सीगल सोळा. मला हे वाचून चीड येते आणि ती यायलाच हवी.

म्हणून मी छापील अंक घेतच नाही. पैसे असतील तर मूळ चित्रं घ्या. छापील अंकाची दुसरी प्रत कुठेतरी असतेच, हाताने शाई केलेलं पान एकच. माइक झेकने काढलेलं 'सिक्रेट वॉर्स' क्रमांक ८ चं पान, ज्यात स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाची गोष्ट येते, जानेवारी २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजारांना गेलं. तो अंक तुम्हाला कुठेही मिळेल, ते पान मिळणार नाही. शिवाय हयात चित्रकारांची पानं त्यांच्याकडूनच थेट घेता येतात, पैसे योग्य हातात जातात.

एडिसनकर

रंगपेटी, सीगल-शुस्टरबद्दल शंभर टक्के सहमत.

हिशेबी, तुम्ही सोयीची जोडी निवडलीत. मी दुसरी देतो. निकोलस केजची 'ॲक्शन' १ ची प्रत, दर्जा ९.०. २००० साली घरातून चोरीला गेली, २०११ मध्ये एका भाड्याच्या गोदामात सापडली, त्याच नोव्हेंबरात २१ लाख ६० हजारांना विकली. जानेवारी २०२६ मध्ये तीच प्रत दीड कोटी डॉलरला गेली. चौदा वर्षांत सात पट. घ्या.

हिशेबी_वाचक

घेतो. याच चौदा वर्षांत एस अँड पीमध्ये लाभांश परत गुंतवला असता तर तोही साधारण सात पटच झाला असता. म्हणजे जगातला सर्वात हवासा अंक, त्याच्या सर्वोत्तम प्रतींपैकी एक, वर चोरीची गाजलेली कथा, एवढं सगळं जमून आल्यावर बरोबरी झाली. आणि तो खासगी व्यवहार होता, उघड्या लिलावातली बोली नव्हे. विकणाऱ्याच्या हाती निव्वळ किती आलं ते बाहेर आलेलं नाही.

तुम्ही न्यू जर्सीत आहात म्हणून आणखी एक: तिथे संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो, शेअर्सवर २० पर्यंत. विमा आणि ग्रेडिंगचा खर्च अजून धरलाच नाही.

एडिसनकर

कर मान्य. पण शेअर्स चौदा वर्षं न विकता धरून बसणारे किती भेटले तुम्हाला? २०२० च्या मार्चमध्ये घाबरून विकलेले मी खूप पाहिलेत. अंक माणूस प्रेमाने धरतो, म्हणून टिकवतो. माझ्याकडचे सत्तरच्या दशकातले 'एक्स-मेन' मी २०२१ मध्येही विकले नाहीत आणि आज भाव उतरलेत म्हणूनही विकणार नाही.

हिशेबी_वाचक

मग आपण दोघे एकाच बाजूला आहोत, कारण तुम्ही सांगताय ती आवड आहे. माझा विरोध '९१ लाखांची बातमी वाचून कर्ज काढून स्लॅब (डबीतले सीलबंद अंक) घ्या' म्हणणाऱ्यांना आहे. १९९१ चा 'एक्स-मेन' क्रमांक १ लोकांनी असाच खोक्यांनी घेऊन ठेवला होता. ऐंशी लाखांवर प्रती खपल्या. पाच वर्षांत, डिसेंबर १९९६ मध्ये, मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. त्या अंकाच्या न वाचलेल्या प्रती आजही काही डॉलरला मिळतात.

वेताळभक्त

काही डॉलरला? मग मला एक हवा. वाचायला.