मदत हवी आहे : बरगड्यांमधील आतल्या स्नायूंचा पुढचा भाग श्वास घेताना कसा काय काम करतो?

श्वसन शिकवण्यासाठी मी एक प्रतिकृती केली आहे : पाठीच्या कण्याची उभी पट्टी, उरोस्थीची (छातीच्या मधल्या हाडाची) उभी पट्टी आणि त्यांना जोडणाऱ्या, पुढे उतरत्या, बरगड्यांच्या दोन समांतर पट्ट्या, चारही सांधे टाचण्यांवर फिरते आहेत. बाहेरच्या स्नायूंप्रमाणे वरून खाली व पुढे जाणारे रबरबँड लावले की चौकट वर उचलली जाते, आणि आतल्या स्नायूंप्रमाणे उलट्या तिरक्या दिशेने लावले की ती खाली उतरते. इथपर्यंत सारे पुस्तकाप्रमाणे घडते.

अडचण उरोस्थीलगतच्या कूर्चांमधील (बरगड्यांना उरोस्थीशी जोडणाऱ्या लवचीक भागांमधील) स्नायुतंतूंची आहे, कारण त्यांची दिशा आतल्या स्नायूंचीच असूनही ते बरगड्या वर उचलतात. माझ्या चौकटीत मात्र तो रबरबँड उरोस्थीजवळ सरकवूनही ती खालीच येते. रबरबँडचा ताण बदलून पाहिला, फरक पडला नाही. प्रतिकृती सपाटच ठेवायची आहे आणि मध्यपटल तिच्यात नको आहे.

खऱ्या पिंजऱ्यात बरगडी पुढे उतरते, पण खालच्या कूर्चा उरोस्थीकडे पुन्हा चढतात. हा कोन माझ्या सरळ पट्टीत नाही, आणि चूक तिथेच असावी असे मला वाटते. तर पट्टीला तसा कोन देणे पुरेल, की बरगडी आणि कूर्चा यांच्यामध्ये फिरता सांधाही द्यावा लागेल, आणि या तंतूंची तरफ कण्याऐवजी उरोस्थीपासून मोजायची का?