मदत हवी आहे: ऐकू कमी येणाऱ्या मिस्टरांना १७ मेच्या कॉन्सर्टला न्यायचंय (भुसावळहून)

तापीकाठची:

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय मी काय विचारतेय ते कळणार नाही, म्हणून सांभाळून घ्या.

आम्ही भुसावळचे. मी शाळेत शिकवते, मिस्टर रेल्वेत, वय ५२. येत्या १७ मे २०२५ ला, शनिवारी, मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस या अमेरिकी रॉक बँडचा कार्यक्रम आहे. त्याची तीन तिकिटं काढली आहेत: मिस्टर, मी आणि त्यांचे शाळासोबती. त्यांना मी भाऊजी म्हणते. भाऊजींची यावल तालुक्यात केळी आहे.

या दोघांचं या बँडचं वेड १९९१ पासूनचं. त्या सप्टेंबरात बँडचे दोन अल्बम एकाच दिवशी आले होते, एक पिवळ्या-तांबड्या कव्हरचा, दुसरा निळा. दोन्ही कॅसेट घ्यायला दोघांकडे पैसे नव्हते. मग पिवळी यांनी घेतली, निळी भाऊजींनी, आणि दर रविवारी अदलाबदल. भाऊजी एसटीने तापी ओलांडून यायचे, आठवडाभर ऐकलेली कॅसेट द्यायचे आणि दुसरी खिशात घालून परत जायचे. माझ्या लग्नानंतरसुद्धा हे चालू होतं. पिवळीच्या आतली टेप दाबून धरणारी ती इवलीशी गादी निघून आली होती, तर यांनी माझ्या जुन्या ब्लाउजच्या फ्लॅनेलचा तुकडा कापून चिमट्याने चिकटवला होता. ती कॅसेट अजून वाजते. पेन्सिलने फिरवून फिरवून एका बाजूचे दाते गुळगुळीत झालेत एवढंच. मला इंग्रजी शब्द सगळे कळत नाहीत, पण स्लॅशची, म्हणजे बँडच्या गिटारवाल्याची, गिटार कुठे वर चढणार आणि कुठे थांबणार हे भाकरी थापताना मला आधीच माहीत असतं.

डिसेंबर २०१२ मध्ये बँड भारतात आला होता. तेव्हा स्लॅश आणि बेस गिटार वाजवणारा डफ मॅकॅगन त्यात नव्हते, तरी हे जाणारच होते. त्याच आठवड्यात सासूबाई दवाखान्यात होत्या. गेले नाहीत, आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. २०१६ मध्ये ते दोघं बँडमध्ये परत आले, तेव्हापासून "आता एकदा इकडे यायला पाहिजेत" हे वाक्य आमच्या घरात दर दोन-चार महिन्यांनी ऐकू येतं.

आता अडचण. पंचवीस वर्षं इंजिनांच्या आवाजात काढल्यामुळे यांचे दोन्ही कान कमी झालेत. दोन वर्षांपूर्वी तपासणी केली. त्या कागदावरची रेघ बरीचशी सरळ जाते आणि ४००० हर्ट्झपाशी एकदम खड्ड्यात उतरते. कुकरची शिट्टी शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावतात. मागच्या महिन्यात हे मला म्हणाले, "झांजेचा आवाज गेला माझा. गिटारचं वरचं टोक जायच्या आत एकदा समोर बसून ऐकू दे."

तर विचारायचं ते हे. कार्यक्रमात यंत्र लावून ठेवायचं की काढायचं? एवढ्या आवाजाने उरलेले कानही जातील का? रात्री परत कसं यायचं, सोमवारी ड्यूटी आहे. आणि भाऊजी आता येत नाही म्हणतात. मे महिना, वादळाचे दिवस, बाग निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायची वेळ. त्यांना कसं समजवावं?

गिरणाकाठ:

ताई, मी चाळीसगावचा, त्यामुळे गाड्यांचं मी सांगतो. जाताना शुक्रवारी रात्रीची अमरावती-मुंबई घ्या, पहाटे मुंबईत सोडते. परतीला महानगरी एक्सप्रेस. ती सीएसएमटीहून रात्री १२ वाजून १० मिनिटांनी सुटते, म्हणजे तारीख बदललेली असते. कार्यक्रम १७ च्या रात्री असला तरी तिकीट १८ मेचं काढायचं. इथे भलेभले फसतात. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने १७ चं काढलं होतं एकदा अशाच कामासाठी, आणि गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती. प्लॅटफॉर्मवर उभं राहून त्याला ते कळलं.

दुसरं, चढायचं स्टेशन दादर करून घ्या. महालक्ष्मीहून दादर पश्चिम रेल्वेने तीन स्टेशनं: लोअर परळ, प्रभादेवी, दादर. टॅक्सीच्या मागे लागू नका, त्या गर्दीत मिळत नाही. दादरला पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला यायला पंधरा मिनिटं धरा.

सातपुडा_पायथा:

उघड्या मैदानावर लाऊडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा असते. म्हणजे दहाला संपलं तरी हातात दोन तास आहेत. जमतं. धुळ्याहून कोणी येणार असेल तर तिथून सकाळी मुंबईला गाडी आहे, पण दुपारी पोचून लगेच उन्हात रांगेत उभं राहणं मला तरी झेपलं नसतं.

कानगोष्ट:

ताई, मी जळगावला श्रवणतपासणीचं काम करते. तुमच्या मिस्टरांचा कागद पाहिलेला नाही, म्हणून हे सर्वसाधारण समजा आणि जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

तुम्ही लिहिलेला ४००० हर्ट्झचा खड्डा ही आवाजाने झालेल्या इजेची ठरलेली खूण आहे. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे उरलेल्या जपणं हेच आता काम. हिशोब असा: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, आणि रॉक कॉन्सर्टमध्ये १०० सहज असतो.

श्रवणयंत्र तिथे लावू नका. ती बोलण्यासाठी बनवलेली असतात, एवढा मोठा आवाज आत आला की तो फाटतो आणि गिटार फुटक्या कर्ण्यासारखी ऐकू येते. यंत्र बंद करून कानात तसंच ठेवणं हेही संरक्षण नव्हे. यंत्र काढून डबीत, डबी तुमच्या पर्समध्ये, आणि कानात बोळे. दोन प्रकार मिळतात. फोमचे स्वस्त, पण ते वरचे सूर जास्त अडवतात आणि तुमच्या मिस्टरांचे नेमके तेच सूर कमी आहेत. वादक लोक वापरतात ते फिल्टरवाले बोळे सगळे सूर सारखेच कमी करतात. ते मागवा. फोमचेच मिळाले तर ते बोटांत वळून सुतळीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. नुसता तोंडाशी खोचलेला बोळा काही कामाचा नाही. घरी दोन-तीनदा सराव करा.

उभं राहायची जागा: स्पीकरच्या भिंतीपासून लांब. मैदानाच्या मध्यावर साउंडवाल्यांचा तंबू असतो, त्याच्या आसपास आवाज सगळ्यात नीट जुळलेला असतो. मधे एकदोनदा दहा मिनिटं मागे जाऊन कानांना विसावा द्या. दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली किंवा ऐकू येणं आणखी कमी वाटलं, तर आठवडाभर वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा. अशा वेळी उपचार लवकर झाले तरच उपयोग होतो.

सरळ_बोलणारा:

राग मानू नका, पण कान गेलेल्या माणसाला मुद्दाम तिथे नेणं मला पटत नाही. घरी चांगला स्पीकर घ्या, तेवढ्याच पैशात येईल.

तापीकाठची:

राग नाही. तुमच्याइतकीच भीती मलाही आहे, म्हणून तर इथे विचारलं. पण चौतीस वर्षं यांनी घरीच ऐकलंय. माणूस पंढरीचे अभंग घरी म्हणतो तरी वारीला जातोच ना. कानगोष्टताई, तुमचं उत्तर मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. फिल्टरवाले बोळे आजच मागवले.

खानदेशी_गिटार:

वहिनी, जळगावहून आम्ही चौघं ३० ऑक्टोबर २०११ ला बंगळुरूला मेटॅलिका या रॉक बँडच्या कार्यक्रमाला गेलो होतो, पॅलेस ग्राउंडवर. त्याआधी दोनच दिवस गुडगावचा त्यांचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला होता, त्यामुळे ते स्टेजवर येईपर्यंत आमचा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिला सूर लागला आणि माझ्या शेजारचा दणकट गडी ढसाढसा रडायला लागला. तुमच्या मिस्टरांना तसं झालं तर होऊ द्या, पाणी पुढे करायची घाई करू नका.

कामाचं सांगतो. मोबाइलचं नेटवर्क जाणार म्हणजे जाणार. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरल्या शिरल्या ठरवा, एखादा खांब किंवा पाण्याचा स्टॉल. तिकिटाचा कोड आधीच फोनमध्ये साठवून ठेवा. बूट जुने, पायात बसलेले घाला. आपल्याकडचं ४४ चं कोरडं ऊन आपण सोसतो, पण मुंबईच्या ३४ मध्ये घामाने जीव जातो, दोन्ही वेगळं आहे. दुपारपासून थोडं थोडं पाणी पीत राहा. मोठी पिशवी आणि घरची बाटली बहुतेक आत सोडत नाहीत, म्हणून भाकरी-ठेचा जे काही असेल ते आधीच खाऊन घ्या. यंत्राची डबी मात्र अडवतील म्हणून डॉक्टरांच्या कागदाची प्रत सोबत ठेवा.

आणि त्या भाऊजींना म्हणावं, काय भो, निळी कॅसेट तुझीच होती ना?

केळीबाग:

भाऊजींसाठी मी लिहितो. रावेरचा आहे, माझीही निसवलेली बाग उभी आहे. मागे एकदा जूनच्या तोंडाशी वारा सुटला तेव्हा मी बागेतच होतो. घड लागलेली झाडं कमरेतून मोडताना जो आवाज येतो तो मी विसरू शकत नाही. पण मी तिथे होतो म्हणून एकसुद्धा झाड वाचलं नाही. जे वाचलं ते आधी पट्ट्यांनी बांधलेलं होतं. त्यांना सांगा, जड घडांची झाडं आत्ता या आठवड्यात बांधून घ्या, काठाच्या ओळी आधी. पाण्याच्या पाळीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आहे की नाही ते बघा. नसेल तर मला निरोप द्या. यावल काही लांब नाही, दोन दिवस माझा मुलगा चक्कर मारील.

तापीकाठची:

केळीबागदादा, तुमचं लिहिणं यांनी भाऊजींना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, "मी येस." येतो म्हणाले. एवढंच.

तापीकाठची (१८ मे, संध्याकाळ):

मंडळी, सुखरूप पोचलो. सगळ्यांना सांगायलाच हवं म्हणून आंघोळ करून आधी इथे बसले.

डोंबिवलीला नणंदेकडे दिवसभर पडून राहिलो आणि उन्हं उतरताना मैदानात गेलो. साउंडवाल्यांच्या तंबूच्या डाव्या अंगाला जागा मिळाली. आजूबाजूला सगळी माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची पोरं, अंगात काळे टीशर्ट. त्यातल्या एकाने भाऊजींना विचारलं, काका, तुम्ही कधीपासून ऐकता? भाऊजींनी खिशातून निळी कॅसेट काढली. मला माहीतच नव्हतं की त्यांनी ती आणलीय. ती पोरांच्या हातातून फिरत फिरत चार-पाच रांगा पुढे गेली आणि तशीच परत आली. कव्हरला चिरासुद्धा नाही.

बोळे यांनी घरी सराव केल्याप्रमाणे नीट बसवले होते. स्लॅश पुढे आला, तेव्हा यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरून त्याच्या पाठीवर बोटांनी वाजवायला लागले. एकेक सूर बरोबर पडत होता. एका ठिकाणी बोटं थांबली आणि गिटारही थांबली. नंतर मी विचारलं, वरचं टोक आलं का ऐकू? म्हणाले, "थोडं कानाने, बाकीचं पायातून वर आलं."

मधे दोनदा आम्ही मागे जाऊन विसावा घेतला. दुसऱ्यांदा यायला हे तयार नव्हते, भाऊजींनी दंडाला धरून आणलं. संपल्यावर गर्दी ओसरेपर्यंत थांबलो आणि लोकलने दादर. तिकीट १८ चंच होतं, गिरणाकाठदादा. डब्यात एक कुटुंब १७ चं तिकीट घेऊन चढलं होतं. त्यांना टीसीशी बोलताना पाहून पोटात कालवलं.

भाऊजी रात्रभर झोपले नाहीत. म्हसावद गेल्यावर उजाडलं तसे दाराशी जाऊन उभे राहिले आणि बाहेरच्या बागा बघत राहिले. पानं हलत नव्हती. जळगावला रेंज आल्यावर सालदाराचा फोन लागला. सगळी झाडं उभी आहेत.

यांच्या कानात सकाळी थोडी शिट्टी होती, दुपारपर्यंत थांबली. तरी कानगोष्टताई, तुम्ही म्हणालात म्हणून शनिवारी तपासणीची वेळ घेतली आहे. नवा कागद आला की जुन्याशी ताडून इथेच लिहीन. केळीबागदादा, तुमच्या मुलाला शुक्रवारी-शनिवारी दोन चकरा पडल्या असं भाऊजी म्हणाले. येत्या रविवारी त्याला घेऊन आमच्याकडे जेवायला या. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी करते. भाऊजी येणारच आहेत, पिवळी न्यायला.