हॉटेलातील वीजबचत: पाहुण्याच्या खोलीत की यंत्रखोलीत?

धागालेखिका (अंतर्गत सजावटकार): विलेपार्ल्याच्या ऑर्किड हॉटेलात एसीचे तापमान थोडे वाढवणारे हिरवे बटण पाहुण्याच्या हाताशी दिलेले असे. १९९७ साली सुरू झालेल्या या हॉटेलाची ही कल्पना मला आजही मोलाची वाटते, कारण खोली वापरणाऱ्याचा सहभाग नसेल तर बचत टिकत नाही. तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ही वीजबचतीसाठीची केंद्र सरकारी संस्था सांगते. त्याला उजळ भिंती आणि जाड अस्तराच्या पडद्यांची जोड दिली, तर नव्या हॉटेलाची निम्मी लढाई सजावटीतच जिंकता येईल.

प्रतिसाद (इमारत-सेवा अभियंता): मी असहमत आहे. पूर्ण भाडे मोजणाऱ्या पाहुण्यावर बचतीचा भार टाकू नये. चिलर (एसीसाठी पाणी गार करणारे यंत्र) आपली उष्णता गच्चीवरून हवेत सोडतो आणि त्याच इमारतीत आंघोळीच्या पाण्यासाठी डिझेल जळते, ही उधळपट्टी आधी थांबवा. ती उष्णता पाण्यात वळवता येते, आणि उरलेल्या गरजेसाठी हीट पंप (हवेतील उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) एका युनिट विजेत सुमारे ३ युनिट उष्णता देतो. (फुप्फुसांचा गंभीर आजार घडवणाऱ्या लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे साठवणीचे पाणी मात्र ६० अंशांवरच ठेवावे.) एसी यंत्रणेतील पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर त्याची वीज जवळपास निम्म्यावर येते आणि पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

प्रतिसाद (हॉटेल देखभाल विभाग): मुंबईचा पावसाळा तुम्ही दोघांनीही विचारात घेतलेला नाही. खोली २४ अंशांवर आली की एसीतला थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद होतो, पण पंखा चालूच राहतो आणि कॉइलवरचा (हवा गार करणाऱ्या नळ्यांवरचा) ओलावा पुन्हा खोलीत येतो. गालिच्याला कुबट वास सुटतो आणि वैतागलेला पाहुणा तापमान १८ अंशांवर नेतो. बाहेरची ताजी हवा वेगळ्या यंत्रात कोरडी करून मगच खोलीत सोडली, तरच २४ अंश सुसह्य होतात. मी काम केलेल्या एका हॉटेलात तर शोभेसाठी एसीची जाळी लाकडी पट्ट्यांआड दडवली होती, त्यामुळे हवा पलंगापर्यंत पोहोचतच नसे.

धागालेखिका: जाळीचा दोष आमच्या व्यवसायाचा आहे, तो मान्य करते, फॉल्स सीलिंगचा आराखडा सेवा अभियंत्याच्या सहीशिवाय पक्का होऊ नये. बटणाबाबत मात्र माझे मत कायम आहे, कारण ते दाबण्याची सक्ती कोणावरही नसते.

इमारत-सेवा अभियंता: सक्ती नसते, म्हणूनच त्या बचतीचा हिशेब मला आराखड्यात धरता येत नाही.